फुटक्या काचेतला तारा

आमच्या जावयांना त्यांच्या वेधशाळेत सगळे सुलटराव म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ते ओ देतात. खरं नाव विचारलंत तर फाटकावरचा पहारेकरीसुद्धा डोकं खाजवील. माणूस उंच, खांदे पडलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोलणं असं की एका वाक्यानंतर दुसरं येईपर्यंत समोरच्याचा चहा निवावा. अशा माणसावर कुणी चार ओळी लिहाव्यात असं त्यांच्यात वरवर काही नाही. मी लिहिते आहे, कारण माझ्या लेकीच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी जे केलं ते मला अजून पचलेलं नाही, आणि मी राहते त्यांच्याच घरात, त्यांच्याच हातचा चहा पीत.

वेधशाळा म्हटलं की शेजारीण विचारते, "जावयांना विचारा ना, उद्या कपडे वाळत घालू का?" हवापाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. ते आकाशाचे जुने फोटो तपासतात. पूर्वी हे फोटो काचेवर काढायचे. काचेच्या एका बाजूला औषध लावलेलं असायचं आणि त्यावर तारे काळे ठिपके होऊन उमटायचे. तसल्या काचा त्यांच्या तळघरात लोखंडी कपाटांतून, कागदी पाकिटांत उभ्या लावून ठेवल्या आहेत. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा बघितलंय. भर उन्हाळ्यात सगळे स्वेटर घालून बसलेले, जणू मयताला आल्यासारखे हळू आवाजात बोलत होते.

तर या काचा एकेक काढून यंत्रावर ठेवायच्या आणि त्यांचं चित्र संगणकात घ्यायचं. काच ठेवताना औषधाची बाजू खाली हवी. चुकून वर राहिली की सगळं आकाश आरशात पाहिल्यासारखं डावं-उजवं होतं. कधी काच पालथी नसते, नुसती फिरलेली असते, उत्तर खाली आणि दक्षिण वर. सुलटरावांचं काम एवढंच, की ठळक तारे नकाशाशी ताडून बघायचे आणि चित्र पालथं आहे, फिरलेलं आहे की ठीक आहे, ते ठरवायचं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातलंही शेवटचं वर्ष गोवरात गेलं. पण मी जन्मभर शर्ट शिवले. बाही बेतताना कापड दुहेरी घेतलं नाही आणि एकाच बाजूनं दोनदा कापलं, की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. मग ती बाही टेबलावर कितीही गरगर फिरवा, डाव्याची उजवी होत नाही. ती पालथीच घालावी लागते. हे मी जावयांना म्हटलं तेव्हा ते माझ्यासमोर पहिल्यांदा हसले.

पहिल्यांदा घरी आले होते तेव्हा मात्र हसण्यासारखं काही झालं नव्हतं. लेकीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, माणूस चांगला आहे, फक्त बोलला तर मनावर घेऊ नकोस." माझ्या लेकीला आम्ही ठकी म्हणत आलो. केस पिकले तरी ठकीच. ती त्याच तळघरात काचा यंत्रावर ठेवायचं काम करायची. तर हे गृहस्थ आले, खुर्चीच्या टोकावर बसले, आणि भिंतीवरच्या माझ्या यजमानांच्या फोटोकडे बघत राहिले. मला वाटलं, मेलेल्या माणसाला मान देतायत. चहा झाल्यावर म्हणाले, "फोटो उलटा छापलाय." पाहुणे बसलेले, माझ्या जाऊबाई बसलेल्या. "शर्टाची बटणं बायकांच्या बाजूला आली आहेत," म्हणाले. बघितलं तर खरंच. फोटोवाल्यानं फिल्म पालथी घालून छापली होती, आणि इतकी वर्षं मी, शर्ट शिवणारी बाई, त्या नवऱ्याला रोज बघत होते. जाऊबाई दाराआड जाऊन हसल्या. ठकी रागानं लाल झाली आणि त्यांच्याशीच लग्न केलं.

त्यांचा संसार म्हणजे काचांवरून भांडण. जेवताना ऐकावं.

"आज तुझ्या दोन पालथ्या निघाल्या."

"माझ्या? शक्य नाही. दाखव."

"दाखवतो उद्या. आणि एक फिरलेली."

"फिरलेली चालते. पालथी मी ठेवत नाही."

"मग आकाश पालथं झालं असेल."

"झालं असेल! तुला विचारून होतं का?"

असं म्हणत ती दुसऱ्या दिवशी जायची, बघायची आणि हो म्हणायची. कारण त्यांच्याकडे एक रीत आहे. ज्यानं काच ठेवली, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या चित्राला हात लावायचा नाही. त्यानं यावं, स्वतः बघावं, पटलं तर सही करावी. मगच दुरुस्ती. ठेवणारा नोकरी सोडून गेला असेल किंवा वारला असेल, तरच त्याच्या जागी मोठ्या बाई सही करतात. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या खात्याच्या मुख्य.

आता तो तारा.

एका पाकिटात ठकीला अख्खी काच न मिळता नुसता तुकडा मिळाला. काच कधीतरी फुटलेली. ज्या कोपऱ्यावर शाईनं तारीख आणि दिशा लिहितात तो कोपराच गेलेला. कुणा जुन्या माणसानं तो तुकडा जपावा म्हणून दुसऱ्या जाड काचेवर चिकटवून वरून रोगण फिरवलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत, औषध कुठल्या बाजूला तेही उमगेना. तुकड्यावर मोजके तारे. त्यातल्या तिघांचा त्रिकोण जुळवून तिनं आकाशातली जागा शोधून काढली. आणि मग तिला दिसलं, की त्रिकोणाच्या डावीकडे एक चौथा तारा आहे. आजच्या फोटोत त्या जागी काहीच नाही. कोरं.

तारा नाहीसा झाला होता.

केवढा आनंद झाला होता तिला! शास्त्रज्ञ लोकांनी त्यावर लेख लिहिला, वर त्यांची मोठमोठी नावं आणि सगळ्यांच्या शेवटी माझ्या ठकीचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काचा उचलल्या, पुसल्या, ठेवल्या, आणि छापून आलेलं नाव ते एकच. तिनं त्या तुकड्याचं चित्र मोठं करून घरी आणलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं.

पुढं तिला पोटातलं दुखणं निघालं. कापून झालं, औषधं झाली, केस गेले, आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय ते आम्हाला कळलं. मी माझं शिवणयंत्र विकून त्यांच्या घरी राहायला आले. तिसरा मजला, खाली टायरवाल्याचं दुकान, दिवसभर हवा भरल्याचा फुसफुस आवाज. पलंग असा लावला, की झोपल्या झोपल्या तिला कपाट दिसावं.

इंजेक्शन द्यायला एक नर्सबाई यायची, गोलमटोल, बडबडी. तिनं विचारलं, "ताई, हाच का तुमचा तारा?"

"हा आहे नव्हे. हा होता," ठकी म्हणाली.

मला एकदा म्हणाली, "आई, एवढ्या सगळ्यात एक ठिपका गेला, तर कुणाच्या लक्षात यावं? पण आलं ना. माझ्या आलं." मग म्हणाली, "कुणीतरी माझंही असं जुनं काहीतरी काढून बघेल. म्हणेल, इथं कुणीतरी होतं." मी उशी सारखी करत राहिले. तिच्या त्या एवढ्याशा समाधानाला धक्का लागू नये, याखेरीज मला त्या दिवसांत काही नको होतं.

आणि तेव्हाच सुलटरावांच्या टेबलावर दुसरी काच आली. दुसऱ्या गावच्या संस्थेनं परत पाठवलेल्या पेटीत होती. आकाशाचा तोच भाग, त्याच काळातला, पण काच अख्खी, कोपऱ्यावर शाईनं दिशा लिहिलेली. तिच्यात डावीकडे काही नव्हतं. चौथा तारा उजवीकडे होता, आज आहे तिथंच.

म्हणजे ठकीचा तुकडा पालथा होता. त्रिकोणाच्या दोन बाजू जवळजवळ सारख्या, त्यामुळे तो पालथा घातला तरी बरोबर बसला. आणि उजवीकडची काच फुटून गेलेली, म्हणून उजवीकडचा तारा या तुकड्यात का दिसत नाही, असा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. नाहीसं काही झालंच नव्हतं.

हे त्यांनी मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी भांडी विसळत होते. बाही सांगावी तसं सांगितलं, म्हणून मला कळलं.

मी म्हटलं, "तिला सांगू नका."

ते विसळलेली भांडी पुसायला लागले.

"इतकी वर्षं ती काच उलटी पडली होती, आणखी थोडे दिवस पडू दे. कुणाचं काय बिघडतंय?"

"कुणाचं काही बिघडत नाही," ते म्हणाले. "मोठ्या बाईही तेच म्हणाल्या. वेळ आली की मी सही करीन म्हणाल्या."

"मग झालं तर."

"म्हणजे वाट बघायची ना, आई?"

"हो."

"कशाची?"

मी नळ बंद केला. उत्तर येत होतं, म्हणून दिलं नाही.

"रोज तिच्याजवळ बसतो," ते म्हणाले, "तिला चमच्यानं भरवतो, आणि मनात येतं, हे हिच्यानंतर करू. मग दुसरा घास. पुन्हा तेच, हिच्यानंतर. मला नाही बसवत तसं."

"तुम्हाला बसवत नाही म्हणून तिला रडवणार?"

त्यांनी हातातलं भांडं फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "हो. तसंच म्हणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोन कागद घेऊन आले. ठकी जागी होती. कागद बघून तिचा चेहरा उजळला, तिला वाटलं काही चांगलं आणलंय. त्यांनी खुर्ची ओढली, दोन्ही कागद तिच्या पोटावर ठेवले आणि म्हणाले, "ठकी, तुझी एक काच आहे. विचारायला आलोय." नेहमीचं वाक्य. तळघरात याच वाक्यानं सुरुवात करायचे म्हणे.

तिनं एक कागद बघितला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तिला समजायला त्यांच्याइतकाही वेळ लागला नाही.

"हे कधी सापडलं?"

"मागच्या महिन्यात."

"महिनाभर माझ्या तोंडात चमचा घालतोयस, आणि पोटात हे?"

त्यांनी तिच्या पोटावरून घसरणारा कागद सावरला.

"अरे, थोडं थांबला असतास तर काय तुझं आकाश कोसळलं असतं?"

"तेच तर, ठकी. थांबायला लागलो होतो."

"बाहेर हो."

ते उठले. तिनं कागद फाडायला घेतला, पण बोटांत जोर उरला नव्हता. कागद नुसता चुरगळला. मग माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"कालपासून."

"छान. सासू-जावयाचं चांगलं जमलंय."

त्यानंतर ती त्यांच्या हातचं खाईना. मी भरवायची, ते दाराशी उभे राहायचे, हातात रिकामं भांडं घेऊन, जसं काही त्या भांड्यासाठीच आलेत. त्यांची झोपायची चटई स्वयंपाकघरात गेली. एका सकाळी मी त्यांना म्हटलं, "मिळालं समाधान?" ते म्हणाले, "नाही." एवढंच. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

नर्सबाईला काहीतरी कळलं होतं. बिचारी समजूत घालायला गेली. "ताई, उलट बरंच झालं की! तारा आहे अजून, जागच्या जागी."

"तारा आहे गं," ठकी म्हणाली, "मी नाहीये त्यात."

मग एके दिवशी तिनं माझ्याकडे ते चुरगळलेले कागद मागितले. भिंग मागितलं, पट्टी मागितली, पेन्सिल मागितली. मी पाठीशी उशा रचल्या. ती थोडं मोजायची, डोळे मिटायची, पुन्हा मोजायची. कधी पेन्सिल हातातून गळायची, मी उचलून द्यायची. सुलटरावांची चूक काढायची होती तिला. कुठं एखादा ठिपका, एखादं अंतर चुकलेलं सापडलं तर तिचा तारा वाचला असता. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पेन्सिल देताना प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, सापडू दे. त्यांचंच चुकलेलं असू दे.

संध्याकाळी हाक मारली, "आहेस का रे?"

ते दारातच होते.

"तो तुकडा कडेनं बघितलास? औषध कुठं आहे? जाड काचेच्या आणि तुकड्याच्या मध्ये, की बाहेरच्या अंगाला?"

"बाहेरच्या अंगाला."

तिनं डोळे मिटले. "मग जाड बाजू वर यायला हवी होती. मी खाली ठेवली. डगमगू नये म्हणून. आठवतंय मला. हातानं दाबून बघितली होती नीट बसली का ते."

खालून टायरवाल्याचा आवाज आला आणि थांबला.

"आण कागद," ती म्हणाली.

सहीचा कागद त्यांच्या पिशवीतच होता. तिनं वाचला. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, कारण कळत नाही.

"कळत नाही काय? आता कळलं ना? खोड ते. लिही, काच पालथी ठेवली. ठेवणाऱ्याची चूक."

"ठकी, इतकं लिहायची काही गरज..."

"सांगायला आलास तेव्हा नव्हती का रे तुला माझी दया? आता बरी सुचते. लिही."

त्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे, त्या दिवशी मुंग्या पांगल्यासारखं उमटलं. तिनं सही केली. सहीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर चादरीवर गेलं.

"झालं तुझं काम?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग जा बाहेर."

मला वाटलं होतं, निदान आता ती विरघळेल. नाही विरघळली. पुढचे दिवस खुर्चीवर बसू दिलं त्यांना, पाणी घेतलं त्यांच्या हातचं, पण हात धरू दिला नाही. ते पलंगाच्या काठावर तळवा उघडा ठेवून बसायचे, आणि ती हात पांघरुणात घ्यायची. कपाटावरचं चित्र काढू का विचारलं, तर म्हणाली, राहू दे, मला तिकडे बघायचं नाहीये. मग कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तशीच गेली, एका सकाळी, मी तिचं तोंड पुसायला पाणी गरम करत होते तेव्हा. ते जवळ होते. काही बोलली का, विचारलं. नाही म्हणाले. दुसरा कुणी असता तर माझ्यासाठी म्हणून तरी एखादा शब्द रचून सांगितला असता.

नंतर लोक भेटायला आले. वेधशाळेतलेही आले, मोठ्या बाई आल्या. बाहेरच्या खोलीत खुर्च्या पुरेनात, काही जण चपलांशेजारी उभे राहिले. त्यात एक पोक्त गृहस्थ होते, निवृत्त झालेले, बोलायला गोड. म्हणाले, "ताई गेल्या, पण नाव ठेवून गेल्या. नाहीसा झालेला तारा शोधणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?"

खोलीत ज्यांना ठाऊक होतं ते जमिनीकडे बघू लागले. मोठ्या बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मी जावयांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती, ओठ उघडले होते. मला वाटलं, आता हा माणूस तिचं सुतकही बघणार नाही, सगळ्यांसमोर बोलणार. मी त्यांना अडवायला उठलेसुद्धा. पण शब्द निघेना. ते माझ्याकडे बघायला लागले.

गृहस्थ पुढं बोलतच होते. आकाश, अमर, असलं काहीतरी.

मी म्हटलं, "तारा नाहीसा झाला नव्हता."

ते थांबले.

"आहे तिथंच आहे. काच पालथी ठेवली गेली होती. माझ्या लेकीनं ठेवली होती, आणि तिनंच तपासून तसं लिहायला लावलं. सही आहे तिची."

गृहस्थ चाचपडत खिशातला रुमाल शोधू लागले. त्यांना वाईट वाटावं अशी माझी इच्छा नव्हती. पण ते गोड बोलणं मला ऐकवेना. पेन्सिल गळत होती तरी ती दिवसभर मोजत बसली होती. ते यांना माहीत नव्हतं, आणि नसलेल्या ताऱ्यासाठी ते तिला शाबासकी देत होते.

सगळे गेल्यावर जावयांनी कपबशा गोळा केल्या. मी म्हटलं, "तुमच्या बाजूनं बोलले असं समजू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे, आई," ते म्हणाले, आणि कपबशा विसळायला गेले.

त्याला आता बराच काळ लोटला. ते कामावर जातात, येतात, भाजी आणतात. ठकीची मुलगी परगावी नोकरीला असते, आई गेल्यावरच पोचली होती, ती म्हणते, आजी, माझ्याकडे ये. मी जात नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. बहुतेक, तिला शेवटचं बघितलेली आम्ही दोघंच आहोत म्हणून.

ते सांगतात, की संगणकात त्या तुकड्याचं चित्र कुणीही उघडलं, की त्याच्याखाली ठकीचं नाव दोनदा दिसतं. एकदा काच ठेवणारी म्हणून, आणि खाली बारीक अक्षरात, चूक मान्य करणारी म्हणून. एकदा म्हणाले, "दाखवू का, आई?"

मी नको म्हटलं. अजून बघितलेलं नाही.